सुपरवायझर पासवर्ड विसरलेली माणसं

एखाद्या दुकानात वस्तू साचतात, आमच्या दुकानात घाबरलेली माणसं साचायची. त्यांची मशीनं दुरुस्त होऊन परत जायची, पण माणसं जे बोलून जायची ते आमच्याकडेच राहायचं. आता चार मित्रमंडळी जमली की मला एकच फर्माईश असते, "तो जळगावच्या दुकानातला किस्सा सांग!" पण एक सांगितला की त्याला धरून दुसरा बाहेर येतो, आणि चहा गार होतो.

नव्वदच्या दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं. जळगावात नानांचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. नाना मूळचे रेडिओ मेकॅनिक. दुकानात काम करणारे आम्ही दोघंच. एक धुळ्याचा प्रमोद, ज्याला सगळं यायचं, आणि दुसरी मी, जिला सगळं येतं असं प्रमोद गिऱ्हाइकांना सांगायचा. घरी जाऊन दुरुस्ती करायची कामं माझ्याकडे असायची. कारण नानांचं म्हणणं, "बाईमाणूस गेलं की घरातलं वातावरण तापत नाही."

हे वातावरण का तापायचं, तेही सांगते. घराघरात नवा कम्प्युटर आला होता आणि त्यात फोनच्या तारेतून इंटरनेट. पोरं काय बघतील या धास्तीनं वडील मंडळी ब्राउझरला कुलूप लावायची. त्या कुलपाला 'सुपरवायझर पासवर्ड' म्हणत. कुलूप असं कडक, की ज्या साइटनं स्वतःच्या चारित्र्याचा दाखला जोडलेला नाही ती सरसकट बंद! असे दाखले कोण जोडतो? त्यामुळे सगळंच बंद. आणि ते उघडायला सेटिंगमध्ये जावं, तर तिथेही तोच पासवर्ड. तो वडील विसरलेले!

मग आमचा फोन वाजायचा.

* * *

भंगाळे सर हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. त्यांचा फोन आला तो बारावीच्या निकालाच्या दिवशी. निकाल दुपारी एकला इंटरनेटवर लागणार होता, आणि ब्राउझरला सरांनी स्वतः लावलेलं कुलूप होतं.

मी पोहोचले तेव्हा त्यांची मुलगी श्वेता हॉलतिकीट दोन्ही हातांनी धरून कम्प्युटरसमोर उभी होती. बसायलाही तयार नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

आमच्या दुकानाचा नियम होता, आधी आठवून बघायला लावायचं आणि नाहीच आठवलं तर आत हात घालायचा. मी म्हटलं, "सर, जे सुचेल ते टाकून बघा. देवाचं नाव, घराचं नाव, घरातल्या माणसांची नावं."

सरांनी पहिलं नाव टाकलं ते पत्नीचं, मालती. चूक. मग शाळेचं नाव. तेही चूक. गणपती चूक, कुलदैवत चूक, श्वेता चूक. सरांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला आला होता.

मालतीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "माझं नाव पहिलं टाकलंत, तेवढं पुरे झालं. आता खरं काय ते टाका!"

सरांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा लेकीकडे. मग वर्गात देतात तसा हुकूम दिला, "सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे करा."

आम्ही तिघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. मी, हॉलतिकीट घेतलेली श्वेता आणि ट्रे घेतलेल्या मालतीबाई. मागे की-बोर्ड वाजला आणि कुलूप एका झटक्यात उघडलं!

श्वेता पहिल्या वर्गात पास झाली. सरांनी स्वतः जाऊन पेढे आणले. मी चपला घालत होते तेव्हा मालतीबाई दारापर्यंत आल्या, मागे वळून बघितलं आणि माझ्या कानाशी कुजबुजल्या, "ताई, किती अक्षरं होती हो?"

* * *

नशिराबादच्या आप्पांची गोष्ट वेगळी. आप्पा म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही मेमो नाही, हे ते नावाआधी सांगायचे. त्यांचा मुलगा मस्कतला. सूनबाईचे दिवस भरत आलेले, आणि तिकडची खबरबात ई-मेलवर येणार असं ठरलेलं.

एक दिवस आप्पांनी मशीन चालू केलं तर ब्राउझर उघडायच्या ऐवजी इंग्रजीत एक चौकट आली. या संगणकावर निर्बंध लागू आहेत, आपल्या सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधावा.

निर्बंध हा शब्द आप्पांनी दोनदा वाचला. त्यांना वाटलं, वरून काहीतरी कारवाई झाली! त्यांनी मशीन बंद केलं, वर चादर टाकली आणि दहा दिवस त्याला हात लावला नाही. जेवण कमी झालं. शेवटी अकराव्या दिवशी ते फाइल काखेत मारून दुकानात आले आणि नानांपुढे दोन प्रतींत एक कागद ठेवला.

"मा. सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेटर साहेब यांसी. विषय : संगणकावरील निर्बंध उठवून मिळणेबाबत."

खाली सही, तारीख, आणि सोबत जोडलेल्या कागदपत्रांची यादी. त्यात मशीन विकत घेतल्याची पावती आणि स्वतःचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला!

"हे साहेब कुठे बसतात, एवढंच सांगा," आप्पा म्हणाले. "मी स्वतः भेटतो. माझी काही चूक झाली असेल तर लेखी माफी देतो."

प्रमोद हसणार, एवढ्यात नानांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो खाली वाकून पेचकस शोधायला लागला. नानांनी कागद शांतपणे शेवटपर्यंत वाचला, ड्रॉवरमधून दुकानाचा शिक्का काढला, दोन्ही प्रतींवर उमटवला, सही केली आणि दुसरी प्रत आप्पांच्या हातात दिली. "ही तुमची पोच."

आप्पांनी त्या शिक्क्याकडे बघितलं आणि खुर्चीत टेकले. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पाठ टेकली असावी.

मी त्यांच्यासोबत नशिराबादला गेले. पुतण्यानं कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली सीडी मशीनमध्ये टाकून बघितली होती, त्यातल्या एका सॉफ्टवेअरनं हे कुलूप ठोकलं होतं. ते काढलं. मेल उघडली. आठ दिवसांपूर्वीची एक मेल होती आणि तिला एक फोटो जोडलेला.

त्या वेळी फोटो पट्टी-पट्टीनं उतरायचा. आधी काळं जावळ दिसलं. मग कपाळ. मग मिटलेले डोळे. आप्पा स्क्रीनच्या इतके जवळ गेले की मला काही दिसेना. नात झाली होती.

बराच वेळ त्यांनी डोळ्यांना रुमाल लावून ठेवला. मग तो घडी करून खिशात घातला, फाइलमधून अर्ज काढला आणि माझ्यापुढे धरला.

"यावर 'निकाली काढले' असं लिहा, आणि खाली सही करा."

* * *

नानांचा एक छोटासा किस्सा. तो प्रमोदसमोर सांगायची सोय नाही, तो अजूनही हसून खुर्चीवरून पडतो.

नाना एका दुपारी जेवायला घरी गेले आणि तिथून त्यांनी दुकानात फोन केला. "प्रमोद, एक गिऱ्हाईक आहे. बिचाऱ्यानं ब्राउझरला कुलूप लावलंय आणि पासवर्ड विसरलाय. मला सांग, मी त्याला फोनवर सांगतो."

प्रमोद एकेक पायरी सांगत गेला. नाना प्रत्येक वेळी म्हणायचे, "थांब, त्याला विचारतो," आणि मग फोनमधून की-बोर्डची खुडखुड ऐकू यायची. अर्धा तास हे चाललं. नानांचा श्वास वाढत चालला होता. "त्याचं म्हणणं आहे की आता स्क्रीनच काळी झालीय. घाबरलाय रे तो फार."

"घाबरू नका म्हणावं त्याला," प्रमोद म्हणाला.

तेवढ्यात मागून काकूंचा खणखणीत आवाज आला, "अहो, एवढं घाम पुसत बसण्यापेक्षा तुमच्या दुकानातल्या त्या प्रमोदला का नाही बोलवत?"

* * *

आता माझी स्वतःची फजिती.

पासवर्ड आठवतच नसेल, तर मशीनच्या रजिस्ट्रीत शिरून कुलपाची नोंद पुसावी लागायची. रजिस्ट्री म्हणजे कम्प्युटरचा सातबारा. एक नोंद चुकीची खोडली की मशीनला स्वतःची ओळख राहत नाही. म्हणून प्रमोदनं मला बजावलं होतं, "आत जायच्या आधी कॉपी काढून ठेव. कधीही विसरू नको."

पाचोऱ्याला एका घरी मी विसरले.

त्या घरातल्या मुलाचा कॉलेजचा प्रोजेक्ट त्या मशीनमध्ये होता. वर्षभराची मेहनत, आणि दोन दिवसांवर तोंडी परीक्षा. मी आत शिरले, नोंद पुसली आणि मशीन बंद करून चालू केलं. ते अर्ध्यावर आलं आणि थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. मुलगा तिथेच फरशीवर खाली बसला.

घरच्यांपुढे बोलवेना म्हणून समोरच्या फोन बूथवरून दुकानात फोन लावला. प्रमोद बाहेर गेला होता. नाना एवढंच म्हणाले, "घेऊन ये."

पण घरच्यांचा आता माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. मशीन माझ्या एकटीच्या हाती द्यायला कुणी तयार होईना. शेवटी मुलाची आजी उठली. सगळे तिला अक्का म्हणायचे. नऊवारी नेसलेली, अंगानं काटक, बोलणं अस्सल खान्देशी. "मी जास हिना संगे," म्हणाली, आणि पायांत वहाणा सरकवल्या.

पाचोरा ते जळगाव पॅसेंजरमध्ये आम्ही दोघी समोरासमोर. मधे चादरीत गुंडाळलेला मशीनचा डबा. अक्कानं त्याच्यावर हात ठेवला होता, तो जळगावपर्यंत काढला नाही. मला मुलाचा चेहरा दिसत होता. म्हसावद स्टेशन गेलं आणि माझा धीर सुटला. खिडकीकडे तोंड करून मी रडायला लागले.

अक्का माझ्याकडे वाकली. मग म्हणाली, "रडू नको वं बहीन. मन्ही म्हैस बी अशीच बठी गयी व्हती. तीन दिन. मंग उठनी."

दुकानात प्रमोद आलेला होता. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, मशीन स्वतःच रोज एक कॉपी काढून ठेवतं." हे त्यानं मला आधी सांगितलं नव्हतं! त्यानं काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली, कालची कॉपी परत बसवली आणि मशीन चालू केलं. उभं राहिलं. प्रोजेक्ट जागच्या जागी होता. कुलूपही जागच्या जागी होतं, ते त्यानं मग नीट काढलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. अक्का पुढे झाली, उजळलेल्या स्क्रीनकडे बघितलं, समाधानानं मान हलवली आणि प्रमोदला विचारलं,

"उठनी ना? आते दूध कव्हय देई?"

* * *

शेवटचा धुळ्याचा. हा मी फार कुणाला सांगितलेला नाही.

दर बुधवारी एसटीनं धुळ्याला जाऊन तिथली कामं करायची, असा माझा क्रम होता. तिथे देवरे म्हणून एक विमा कचेरीतले अधिकारी होते. घरात ते, शाळेत शिकवणाऱ्या वहिनी, बारावीतली मुलगी रूपाली आणि देवरे साहेबांचे वडील, आबा. आबांनी धुळ्यात तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काठी धरून चार पावलं टाकता यायची, तेवढंच. दिवसभर घरात एकटे. दुपारी शेजारच्या बाई डोकावून जायच्या.

फोनची तार आबांच्या खोलीत होती म्हणून कम्प्युटरही तिथेच. ब्राउझरला कुलूप लागलंय म्हणून मी पहिल्यांदा गेले, तेव्हा घरातले सगळे बघायला आले. खोलीत खुर्ची एकच, ती मला दिलेली. बाकी सगळे आबांच्या खाटेवर बसले. चहा झाला, गप्पा झाल्या. देवरे साहेब बोलता बोलता नकळत वडिलांचा पाय चेपत होते. कुलूप कुणी लावलं, ते कुणालाच सांगता येईना. चुकून लागलं असेल म्हणून मी काढून टाकलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा कुलूप! पुन्हा मी गेले, पुन्हा सगळे खाटेवर. या वेळी कुलूप काढून मी माझाच पासवर्ड घातला, म्हणजे सेटिंगला कुणी हात लावू शकणार नाही. पासवर्ड कुणालाच सांगितला नाही.

पुढच्या महिन्यात तिसरा फोन आला. देवरे साहेबांचा आवाज बदललेला होता. सगळं पुन्हा बंद झालं होतं, आणि मी गेल्यावर बघते तर माझा पासवर्डही चालेना. म्हणजे तो कुणीतरी ओळखला होता आणि बदलला होता.

"मागच्या वेळी खाटेवर तुमच्या सगळ्यात जवळ रूपालीच बसली होती," साहेब म्हणाले. "काय लपवायचंय तिला, देव जाणे. उद्यापासून क्लास बंद. कॉलेजही बंद करीन!"

रूपाली दारात उभी राहून रडत होती. "मी नाही केलं हो ताई. आईची शप्पथ, मी नाही केलं." वहिनी तिच्याकडेही बघत नव्हत्या. चहा झाला नाही. खाटेवर कुणी बसलं नाही.

मी म्हटलं, "आता कुणीच बघायला नको. सगळे बाहेर थांबा, दार लोटून घ्या." आबा तेवढे खाटेवर राहिले. त्यांना कुठे उठवायचं?

रजिस्ट्रीतली नोंद काढली. कुलूप निघालं. नवा पासवर्ड घालायचा होता. मनात आलं ते नाव घातलं, वाघूर, आमच्या नदीचं. इंग्रजीत सहा अक्षरं. टाइप केलं आणि घरातल्यांना हाक मारायला मागे वळले.

आबांचा डावा हात पांघरुणावर होता. बोटं हलत होती. अनामिका, करंगळी, तर्जनी. मग हात थांबला, दोन अक्षरं जातील तेवढा वेळ. आणि मग पुन्हा तर्जनी.

मीही टायपिंग शिकलेली. डब्ल्यू, ए, जी डाव्या हाताला. एच, यू उजव्या. आर पुन्हा डाव्या. माझ्या बोटांवरून आबांनी पासवर्ड वाचला होता.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी नजर चुकवली नाही. बाहेरून रूपालीचं हुंदके देणं ऐकू येत होतं. आबांनी दाराकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि फार कष्टानं आवाज काढला, "रू… रू…" पुढे काही येईना. डोळे भरले होते. डाव्या हातानं ते स्वतःच्या छातीवर पुन्हा पुन्हा बोट ठेवत होते.

मी जवळ जाऊन तो हात खाली घेतला आणि पांघरुणात घातला. मग दार उघडलं.

"व्हायरस होता," मी म्हटलं. "पासवर्ड तोच बदलत होता. रूपालीचा काहीही संबंध नाही."

साहेब लेकीजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि येऊन खाटेवर बसले. त्यांच्या शेजारी वहिनी बसल्या. रूपाली आजोबांच्या उशाशी बसली, नाक ओढत.

"पण आता कायमचा गेला ना तो?" साहेबांनी विचारलं.

"सांगता येत नाही. परत येऊ नये म्हणून एक करावं लागेल. रोज संध्याकाळी अर्धा तास मशीन चालू करायचं आणि सगळ्यांनी इथे बसायचं."

"सगळ्यांनी? ते कशाला?"

मी सीडी, पेचकस, फ्लॉप्या एकेक करून बॅगेत भरल्या. खाटेकडे बघितलं नाही.

"हा व्हायरस तसाच आहे, साहेब."